कचऱ्याच्या गाडीमागून अमेरिकेचा इतिहास

दरवर्षी निकाल लागले की मला दोन-चार फोन येतातच. बी.ए.ला इतिहास घेतला होता, अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर आवडला, आता त्यातच पुढे काही करावं म्हणते, सुरुवात कुठून करू? नेमकं काय आवडलं असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर लिंकन आणि यादवी युद्ध. क्वचित एखादी म्हणते, "मॅडम, ते १९०० च्या पुढचं सुधारणांचं प्रकरण." मग मात्र माझा पाऊण तास जातो आणि गॅसवरचं दूध उतू जातं. तो पाऊण तास एकदाचा कागदावर उतरवावा म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडच्या पुस्तकांत हे प्रकरण दोन-तीन पानांत आटोपतं. शहरं वाढली, कारखाने वाढले, भ्रष्टाचार वाढला, मध्यमवर्ग जागा झाला, थिओडोर रूझवेल्ट आणि वुड्रो विल्सन यांनी कायदे केले, स्त्रियांना मत मिळालं, आणि पान उलटलं की पहिलं महायुद्ध. मी सांगलीत हेच पाठ करून पास झाले आणि त्याच शिदोरीवर अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात एम.ए.ला दाखल झाले. पहिल्या महिनाभरातच कळलं, की त्या दोन-तीन पानांतलं एकही वाक्य धड उभं राहत नाही.

माझी पहिली ठेच एका शब्दाला लागली. तिकडे या काळाला 'प्रोग्रेसिव्ह एरा' म्हणतात. साधारण १८९० च्या दशकापासून १९२० पर्यंतचा काळ. मराठीत त्याचं भाषांतर 'पुरोगामी युग' असं सहज होतं आणि तिथेच घोटाळा होतो. आपल्या कानाला पुरोगामी म्हटलं की फुले, शाहू, आंबेडकर ऐकू येतात. कोण कोणत्या बाजूला उभा आहे हे तो शब्दच सांगून टाकतो. मी सेमिनारमध्ये मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, की हे लोक वंचितांच्या बाजूचे होते. प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "मग विल्सनला कुठे बसवाल?" विल्सन १९१३ मध्ये अध्यक्ष झाला, आणि त्याच वर्षी त्याच्या मंत्र्यांनी टपाल आणि अर्थखात्यातल्या काळ्या कर्मचाऱ्यांना गोऱ्यांपासून वेगळं बसवायला सुरुवात केली. तोच विल्सन बँकांवर नियंत्रण आणणारा, उत्पन्नावर कर बसवणारा, बालमजुरीविरुद्धच्या कायद्यावर सही करणारा. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दोन तास मी वहीत मान घालून बसले.

१९१२ ची निवडणूक बघा. रूझवेल्टने जुना पक्ष सोडून प्रोग्रेसिव्ह याच नावाचा नवा पक्ष काढला. विल्सन म्हणत होता, खरी सुधारणा आमचीच. विद्यमान अध्यक्ष टाफ्टला लोक सनातनी म्हणत, पण त्याच्या चार वर्षांत मक्तेदार कंपन्यांवर रूझवेल्टच्या साडेसात वर्षांपेक्षा जास्त खटले भरले गेले होते. चौथा युजीन डेब्स, समाजवादी. त्याला सुमारे नऊ लाख मतं पडली. याच प्रचारात मिलवॉकीला रूझवेल्टवर गोळी झाडली गेली. खिशातली चष्म्याची डबी आणि घडी घातलेलं पन्नास पानी भाषण यांतून ती गोळी छातीत शिरली, आणि हा गृहस्थ दवाखान्यात जायच्या आधी तासाभराहून जास्त बोलला. (लांबलचक भाषणाचा कुणाला झालेला एवढा फायदा माझ्या तरी वाचनात दुसरा नाही.) थोडक्यात, तिकडे तो शब्द एका बाजूचा नव्हता. त्या दिवसांत तो सगळ्यांनाच अंगावर घालायचा होता. म्हणून मी मराठीत 'सुधारणायुग' म्हणते. तोही शब्द अगदी सोवळा नाही, कारण 'सुधारणा' म्हटलं की आपल्या मनात आगरकर आणि टिळक भांडायला उभे राहतात: आधी सामाजिक की आधी राजकीय?

हे भांडण डोक्यात घेऊनच मी शिकागोकडे बघत होते. आणि मला त्यातून सोडवलं ते कचऱ्याने.

१८९५ साली पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा रानड्यांच्या सामाजिक परिषदेला त्याच मांडवात जागा द्यायची की नाही यावरून रान पेटलं होतं, हे आपण शिकतो. त्याच १८९५ साली शिकागोच्या एकोणिसाव्या वॉर्डात जेन ॲडम्स नावाची पस्तिशीची बाई पहाटे सहाला उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरत होती. तिने आणि तिची मैत्रीण एलन गेट्स स्टार हिने १८८९ मध्ये हॉलस्टेड स्ट्रीटवरच्या एका जुन्या वाड्यात हल हाउस सुरू केलं होतं. श्रीमंत घरच्या शिकलेल्या मुलींनी गरीब वस्तीत भाड्याने राहायचं आणि शेजारधर्म पाळायचा, एवढीच मूळ कल्पना. आजूबाजूला इटालियन, रशियन ज्यू, बोहेमियन (म्हणजे चेक), ग्रीक, आयरिश. पाळणाघर काढलं, वर्ग काढले, गाणं-बजावणं झालं. पण मुलं आजारी पडायची थांबेनात, कारण गल्लीत लाकडी खोक्यांत कचरा कुजत पडलेला. तक्रारी करून काही होईना, म्हणून ॲडम्सबाईंनी वॉर्डाच्या कचऱ्याच्या कंत्राटासाठी चक्क निविदा भरली. ती तांत्रिक कारणावरून फेटाळली गेली, पण गाजावाजा इतका झाला की महापौरांनी त्यांना वॉर्डाचं कचरा निरीक्षक नेमलं. पगार वर्षाला १००० डॉलर. एका अरुंद गल्लीत कचरा उपसता उपसता १८ इंच खाली फरसबंदी लागली. 

आता या गोष्टीत सामाजिक कुठलं आणि राजकीय कुठलं, हे मला सांगा. मी सांगू शकले नाही, आणि माझ्या अभ्यासाला खरी सुरुवात तिथे झाली.

कारण कचऱ्यामागे कंत्राटदार होता आणि कंत्राटदारामागे नगरसेवक. त्याचं नाव जॉनी पॉवर्स. हल हाउसने १८९६ आणि १८९८ अशा दोन निवडणुकांत त्याच्याविरुद्ध प्रचार केला आणि दोन्ही वेळा सपाटून मार खाल्ला. पुढे जे झालं त्यासाठी मला ॲडम्सबाई फार आवडतात. त्यांनी 'लोक अडाणी आहेत' असं म्हणून हात झटकले नाहीत. हरल्यावर नव्हे, तर हरत असतानाच, १८९८ मध्ये, त्यांनी एक लेख लिहिला: हा माणूस निवडून का येतो? तो नाताळला जेवणासाठी सहा टन टर्की पक्षी वाटतो. कुणी मेलं तर अंत्ययात्रेच्या गाड्यांचं बघतो. पोराला नोकरी लावतो, पोलिसांनी धरलेल्याला सोडवतो. त्याच लेखात त्यांनी स्वतःची फजिती सांगितली आहे. त्यांच्या पाळणाघरात कुणीतरी टाकून गेलेलं एक अशक्त मूल वारलं. हल हाउसने कायद्याप्रमाणे त्याच्या दफनाची सरकारी व्यवस्था केली. गाडी अकराला येणार होती. नऊच्या सुमारास शेजारणी धावत आल्या, संतापलेल्या. मुलाला बेवारशासारखं पुरणार? त्यांनी आपापसांत वर्गणी काढली. शिकलेल्या बायकांना वाटलं होतं आपण चोख काम केलं; वस्तीच्या लेखी त्यांनी माणुसकी सोडली होती.

हे वाचताना मला सांगलीतले आमच्या वॉर्डातले दहाव्याला, बारशाला हजर असणारे चेहरे आठवत होते. तुम्हालाही तुमचे आठवतील. पण एक सावधगिरी: असं आठवणं हा वाचनाला लागलेला मसाला आहे, पुरावा नव्हे. यावरून मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले, ते पुढे सांगते.

तर नवख्यांना माझा पहिला सल्ला: कायद्यांच्या यादीपासून सुरुवात करू नका. अमेरिकेच्या घटनेची सोळावी दुरुस्ती उत्पन्न करासाठी, सतरावी सिनेटरांच्या थेट निवडणुकीसाठी, दोन्ही १९१३ च्या. अठरावी दारूबंदीची १९१९ ची, एकोणिसावी स्त्रीमताधिकाराची १९२० ची. हे परीक्षेपुरतं पाठ करा आणि बाजूला ठेवा. त्याऐवजी एक वस्ती घ्या, एक कारखाना घ्या, एक खटला घ्या, आणि त्या गाडीमागे चालत जा. वाटेत कायदा लागतोच, आणि तो कुणाच्या हातून, कुणाला डावलून झाला हेही दिसतं.

उदाहरणार्थ, हल हाउसमध्येच राहायला आलेली फ्लॉरेन्स केली. तीन मुलांना घेऊन नवऱ्यापासून निघालेली, समाजवादी, तिखट जिभेची. वस्तीतल्या घराघरांत शिवणकाम चालायचं ते तिने दारोदार फिरून नोंदवलं. कोण कुठल्या देशाचं, आठवड्याला किती कमावतं, हे रंगवलेले नकाशे हल हाउसने १८९५ मध्ये छापले. ते आज जालावर फुकट बघता येतात. जरूर बघा, संगणकाच्या मोठ्या पडद्यावर बघा. तिच्या खटपटीने इलिनॉय राज्यात १८९३ मध्ये कारखान्यांचा कायदा झाला, त्यात स्त्रियांना आठ तासांची मर्यादा होती, आणि राज्याची मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून तिचीच नेमणूक झाली. दोन वर्षांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचं कलम रद्द केलं: किती तास राबायचं हा म्हणे बाईचा आणि मालकाचा खासगी करार. केलीबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. याच काळात नोकरी सांभाळून त्यांनी कायद्याची पदवी घेतली.

ही गोष्ट पुढे ओरेगनमध्ये पोचते. धुलाईच्या कारखान्यातल्या बायकांना दहा तासांपेक्षा जास्त राबवू नये, या तिथल्या कायद्यावरचा खटला १९०८ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात आला. कायद्याच्या बाजूने लुई ब्रँडाइस या वकिलाने ११३ पानांचं निवेदन दिलं. त्यात कायदेशीर युक्तिवाद जेमतेम दोन पानं. उरलेली सगळी डॉक्टरांची, निरीक्षकांची, देशोदेशींच्या अहवालांची आकडेवारी. ती गोळा केली त्याची मेहुणी जोसेफीन गोल्डमार्क आणि तिच्या सहकारी बायकांनी. न्यायालयाने कायदा उचलून धरला. पाठ्यपुस्तकात इथे टाळ्या. पण निकाल स्वतः वाचा. त्यात बाई नाजूक आहे, तिला उद्या आई व्हायचंय, म्हणून तिला संरक्षण हवं, असा सूर आहे. पंधरा वर्षांनी समान हक्कांची घटनादुरुस्ती मागणाऱ्या बायकांना हाच युक्तिवाद पायातली बेडी वाटायला लागला. एकाच कागदात विजयही आणि अडचणही. असे कागद शोधायला शिका.

माझ्या दुसऱ्या सत्राचा विषय ट्रँगल कारखान्याची आग होता. २५ मार्च १९११, शनिवार, न्यूयॉर्क. दहा मजली इमारतीचे वरचे तीन मजले, ब्लाउज शिवणाऱ्या मुली, बहुतेक ज्यू आणि इटालियन, कितीतरी विशीच्या आतल्या. अर्ध्या तासात १४६ जीव गेले. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता. अग्निशमन दलाच्या शिड्या तेवढ्या उंच पोचत नव्हत्या. रस्त्यावर उभं राहून मुली खिडकीतून उड्या मारताना बघणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होती, जी पुढे १९३३ मध्ये अमेरिकेची पहिली स्त्री मंत्री झाली. आगीनंतर राज्याने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून कारखान्यांचे पुष्कळ कायदे निघाले. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं.

मी मात्र अडकले खटल्यात. दरवाज्याला कुलूप होतं हे मालकांना माहीत होतं का, एवढाच प्रश्न होता. केट आल्टरमन नावाच्या मुलीने साक्ष दिली, की तिची मैत्रीण त्या दारापाशी कशी अडकली. आरोपींचा वकील मॅक्स स्टॉयर तिला म्हणाला, पुन्हा सांग. तिने सांगितलं. पुन्हा सांग. दर वेळी जवळजवळ तेच शब्द, त्याच उपमा. स्टॉयरने ज्यूरीला सुचवलं, की ही पढवून आणलेली साक्ष आहे. डिसेंबर १९११ मध्ये मालक निर्दोष सुटले. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना वकील हुशार वाटला. मला वेगळंच काही दिसलं. मी स्वतः त्या काळात रविवारी रात्री आरशासमोर उभी राहून सोमवारी सेमिनारमध्ये बोलायची तीन वाक्यं घोटत असे. परक्या भाषेत एकदा नीट जमलेलं वाक्य माणूस सोडत नाही, कारण दुसरं सुचेल याची खात्री नसते. हे मी वर्गात म्हणाले. म्हणताना आवाज कापत होता, आणि तेही वाक्य घोटूनच आणलेलं होतं. सत्रभरात त्या दिवशी प्राध्यापकांनी पहिल्यांदा माझं म्हणणं फळ्यावर लिहिलं.

आणखी एक गंमत, किंवा खंत म्हणा. त्या खटल्याच्या साक्षींची सरकारी प्रत हरवली. आज जो मोठा भाग उपलब्ध आहे तो स्टॉयरने स्वतःसाठी बांधून ठेवलेल्या प्रतीमुळे, म्हणजे मालकांना सोडवणाऱ्या वकिलामुळे. आता तो कॉर्नेल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फोटोंसह आणि बचावलेल्यांच्या मुलाखतींसह खुला आहे. सांगलीत बसून वाचता येतो, व्हिसा लागत नाही.

व्हिसा लागत नाही अशा गोष्टी आणखी सांगते, कारण परदेशी जाणं सगळ्यांना जमत नाही आणि जमायलाच हवं असंही नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिक्लिंग अमेरिका' या संग्रहात जुनी वृत्तपत्रं पानोपानी स्कॅन केलेली आहेत. बालमजुरी समितीसाठी लुइस हाइनने १९०८ पासून काढलेले पाच हजारांहून जास्त फोटो तिथेच आहेत, प्रत्येकाखाली त्याने स्वतः लिहिलेल्या मजकुरासकट. कारखान्यात शिरण्यासाठी तो कधी बायबल विकणारा व्हायचा, कधी विम्याचा एजंट. मुलांची उंची आपल्या कोटाच्या बटणांवरून मोजायचा. मॅक्लुअर्स मासिकाचे जुने अंक हाथीट्रस्ट या जालावरच्या ग्रंथालयात आहेत. (हाथी म्हणजे आपलाच हत्ती, विसरत नाही म्हणून.) जानेवारी १९०३ चा अंक उघडा. स्टँडर्ड ऑइल या मक्तेदार तेल कंपनीवरच्या आयडा टार्बेलच्या लेखमालेतला एक भाग, लिंकन स्टेफन्सचा मिनियापोलिसच्या भ्रष्टाचारावरचा लेख आणि खाणसंपावरचा रे स्टॅनर्ड बेकरचा लेख एकाच अंकात सापडतील. जाहिराती गाळू नका. भ्रष्टाचारावरच्या लेखाशेजारी कशाकशाची जाहिरात आहे, यावरून वाचक कोण होता ते कळतं. रूझवेल्टने १९०६ मध्ये अशा पत्रकारांना उकिरडा उपसणारे म्हणून टोमणा मारला आणि त्यांनी तो बिल्ल्यासारखा मिरवला. शिकागोच्या खाटीकखान्यांवरची कादंबरी आणि त्यानंतरचे १९०६ चे मांस व अन्नभेसळीचे कायदे यांवर मी काही लिहीत नाही. त्यावर सगळेच लिहितात, आणि प्रवेशअर्जातही सगळे तेच लिहितात.

जाणार असाल तर हे ऐका. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत भरायचे असतात, म्हणजे तयारी आदल्या उन्हाळ्यात. तुमचं भवितव्य ठरतं ते वीसेक पानांच्या लेखन-नमुन्यावर. गुणपत्रिका त्यानंतर. 'मला लहानपणापासून इतिहासाची आवड' हे वाक्य खोडा. एक प्रश्न लिहा, एक कागद दाखवा. एम.ए.ला बहुधा पैसे आपलेच, पीएच.डी.ला शिकवण्याच्या कामावर फी माफ आणि विद्यावेतन मिळू शकतं. सत्र चालू असताना विद्यार्थी-व्हिसावर आठवड्याला वीस तासच, तेही विद्यापीठातच काम करता येतं. भारतात पीएच.डी.ला नोंदणी करून फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवर काही महिने तिकडच्या दप्तरखान्यात बसणं हाही सरळ मार्ग आहे, आणि कर्जाचा बोजा नसल्याने झोप लागते. प्राध्यापकीच्या नोकऱ्या २००८ च्या मंदीनंतर तिकडे आटल्या त्या पुन्हा भरल्या नाहीत. हे आईवडिलांना आधीच सांगा. माझ्या वर्गातल्या काही जणांनी संग्रहालयांत, ग्रंथालयांत, दप्तरखान्यांत कामं धरली. मी परत आले आणि शिकवते.

वाचन प्रचंड असतं. सुरुवातीला मी प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि आठवडाभराने अर्धीच झालेली असायची. तिकडे वाचतात वेगळं: प्रस्तावना, शेवट, तळटीपा, मग मधली दोन प्रकरणं, आणि हा लेखक कुणाशी भांडतोय ते. या काळाबद्दलचं भांडण तर मोठंच रंगतदार आहे. १९५० च्या दशकात म्हटलं गेलं, की हे सुधारक म्हणजे प्रतिष्ठा घसरलेला जुना मध्यमवर्ग. १९६० च्या दशकात डावे म्हणाले, की नियमन मोठ्या कंपन्यांनाच हवं होतं, त्यांनीच ते घडवलं. १९७० मध्ये एका अभ्यासकाने 'चळवळ' या कल्पनेचाच मृत्युलेख लिहिला: अशी एक चळवळ कधी नव्हतीच. मग स्त्रियांच्या आणि काळ्या समाजाच्या इतिहासकारांनी विचारलं, की तुम्ही सगळे नेमके कुणाकडे बघत होतात? माझा कल या शेवटच्यांकडे.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या मुलांना जमते आणि तिकडच्यांना जमत नाही. दप्तरखान्यातली हस्तलिखित पत्रं अक्षरं एकमेकांना जोडून लिहायच्या वळणाच्या इंग्रजीत असतात. माझ्या अमेरिकन वर्गमित्रांपैकी बऱ्याच जणांना ती लागेचनात, कारण त्यांना शाळेत ते वळण शिकवलंच नव्हतं. आमच्या कुलकर्णीबाईंनी दुरेघी वहीत घोटून घेतलेलं ते वळण तिथे असं कामाला आलं. आणि हो, पेन बाहेर ठेवावं लागतं, आत पेन्सिलच चालते.

आता तोंडघशी पडल्याची गोष्ट. डॉ. आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले आणि १९१६ पर्यंत राहिले. म्हणजे अगदी ऐन सुधारणायुगात, आगीनंतर जेमतेम दोन वर्षांनी, त्याच शहरात. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. मी दोन टोकं बांधली आणि तीस पानी निबंध लिहिला, की त्यांच्या कामगारविषयक धोरणाचं मूळ ट्रँगलच्या आगीत आहे. मला तो फार सुंदर वाटत होता. प्राध्यापकांनी समासात तीनच शब्द लिहिले: कागद कुठे आहे? कागद नव्हता. एकाच शहरात असणं म्हणजे प्रभाव पडणं नव्हे. मी रडले, चिडले, मग पुन्हा शोधायला बसले, आणि कागद सापडला तो भलतीकडे. कोलंबियात त्यांना शिकवणारे तत्त्वज्ञ जॉन ड्यूई त्याआधी शिकागोत असताना हल हाउसच्या विश्वस्तांपैकी होते. लोकशाही म्हणजे मतदानापलीकडची, एकत्र जगण्याची रीत, हा विचार ते मांडत होते. आणि जातिनिर्मूलनावरच्या, लाहोरला होऊ न शकलेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी ड्यूईंचं ऋण नाव घेऊन मान्य केलं आहे. दुसरे शिक्षक एडविन सेलिग्मन हे उत्पन्न कराचे मोठे पुरस्कर्ते, आणि तो कर अमेरिकेत लागू झाला नेमका १९१३ मध्ये. आगीपेक्षा हे कमी नाट्यमय आहे. पण दाखवता येतं.

मराठीतून या वाटेवर यायचं तर आणखी एक दार आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या आणि तिथल्या लोकस्थितीवर त्यांनी १८८९ मध्ये मराठीत पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी हल हाउस उघडलं. सुधारणायुग ज्या बायकांनी उभं केलं, त्यांच्या संस्था, सभा, दारूबंदीची मंडळं ही सगळी तालीम रमाबाईंनी ऐन रंगात असताना पाहिली होती. तिकडच्या सेमिनारात मी त्यातले उतारे इंग्रजीत करून वाचले तेव्हा बाकीचे लिहून घेत होते.

जे डावललं गेलं त्याबद्दल मात्र थांबून वाचा, घाई करू नका. दक्षिणेत छापील गुप्त मतपत्रिका आली ती सुधारणा म्हणूनच. पण ज्याला वाचता येत नाही तो आपोआप बाहेर गेला. पक्षाचा उमेदवार लोकांनीच निवडावा ही सुधारणा आली आणि 'लोक' म्हणजे फक्त गोरे असा नियम झाला. ३ मार्च १९१३ ला, विल्सनच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टनमध्ये स्त्रीमताधिकाराचा प्रचंड मोर्चा निघाला. शिकागोहून आयडा बी. वेल्स आली होती, लिंचिंगविरुद्ध, म्हणजे जमावाने काळ्या माणसांना ठार मारण्याविरुद्ध, वीस वर्षं लढणारी पत्रकार. तिला सांगण्यात आलं, की काळ्या बायकांनी मागे चालावं. ती बाजूला झाली, गर्दीत उभी राहिली, आणि इलिनॉयची तुकडी समोर आली तशी सरळ आत शिरून आपल्या दोन गोऱ्या सहकारी बायकांमध्ये चालू लागली. १९२० मध्ये मंजुरीला एकच राज्य कमी असताना टेनेसीच्या विधिमंडळात चोवीस वर्षांच्या हॅरी बर्नने आईच्या पत्राचा मान राखून मत फिरवलं आणि एकोणिसावी दुरुस्ती मंजूर झाली, ही गोष्ट सगळे चवीने सांगतात. दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या बायकांना प्रत्यक्ष मत टाकायला १९६५ चा मतदान हक्काचा कायदा यावा लागला.

शिकागोला गेलात तर हल हाउस बघायला जा. तेरा इमारतींचा पसारा होता, आता मूळ वाडा आणि जेवणघर एवढंच उरलंय. बाकीचं १९६० च्या दशकात विद्यापीठाच्या आवारासाठी पाडलं. मी गेले तेव्हा बाहेर बर्फ होता आणि आत एक शाळेची सहल. न्यूयॉर्कमधली ती दहा मजली इमारत मात्र अजून उभी आहे, आतून विद्यापीठाची झालेली. तिथे वर्ग भरतात.

त्या आगीतले सहा मृतदेह कुणाचे हे तेव्हा ओळखू आलं नव्हतं. ती नावं २०११ मध्ये, शंभर वर्षांनी, एका संशोधकाने शोधून काढली. त्याने जुनी वृत्तपत्रं, यिद्दिशमधलीसुद्धा, जनगणनेचे तक्ते आणि मृत्यूचे दाखले समोर ठेवून एकेक नाव जुळवलं. एकाच मुलीचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं असायचं, म्हणून ते इतकी वर्षं निसटत राहिलं होतं.